फ्रेंच नाव नेमके कुठे तोडायचे?

महोदय,

आपल्या क्रीडापानावर एकाच आठवड्यात एमबाप्पे, म्बापे आणि एम्बापे असे तीन खेळाडू भेटले. फ्रान्सचा फुटबॉलपटू, माणूस एकच!

मी राजारामपुरीत फ्रेंचच्या शिकवण्या घेते. निम्मी मुले पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांची कट्टर, त्यामुळे आमचा तास व्याकरणापेक्षा फुटबॉलपटूंच्या नावांवरच रंगतो.

फ्रेंच शब्द कुठे तुटतो हे कळले की बराचसा उच्चार जमतो. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते. आपल्या मुलांना हे सोपे जाते, कारण देवनागरीतही आपण तसेच लिहितो. खरी गंमत ‘एन’ या अक्षराची. पुढे स्वर असला की तो त्या स्वराला जाऊन मिळतो आणि स्वच्छ ‘न’ ऐकू येतो. पुढे दुसरे व्यंजन असेल किंवा शब्दच संपत असेल, तर ‘न’ म्हणायचाच नाही, मागचा स्वर नाकातून काढायचा. एरिक कांतोनाच्या आडनावात दोन्ही प्रकार आहेत: कां-तो-ना. ‘कँटोना’ म्हटले की पहिला ‘एन’ उगाच खणखणतो. झिदानच्या शेवटी मुका ‘ई’ आहे, म्हणून तिथला ‘न’ वाचतो. ‘एम’लाही हाच न्याय, म्हणून प्रशिक्षक ‘देशां’, ‘डेसचॅम्प्स’ नव्हेत.

एम्बापेच्या नावात ‘पी’ दोनदा आहे. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना दोन ‘पीं’च्या मध्ये तोडतात, पण बोलताना प एकच. जोडाक्षर नको.

“म्हणजे मॅडम, शेवटचं अक्षर खाऊनच टाकायचं की!” असे एकाने विचारले. बहुधा हो, पण आडनावांचा भरवसा नाही. पॅरिसच्या टेनिस स्पर्धेला आपण ‘रोलां गारो’ लिहिता. रोलांमधला ‘डी’ मुका, हे बरोबर. पण ज्याचे नाव स्पर्धेला मिळाले, त्या 1913 मध्ये विमानाने न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या वैमानिकाच्या आडनावातला ‘एस’ फ्रेंच लोक स्पष्ट म्हणतात: गारोस. इथे अर्धवट फ्रेंच नडते.

विश्वचषक आला की कोल्हापुरात चौकाचौकांत डिजिटल फलक लागतात आणि नावे पेपरात बघून छापली जातात. तेव्हा क्रीडा विभागाने एक यादी करून भिंतीवर चिकटवावी. देशां, कांते, आंरी (म्हणजे आपला ‘हेन्री’), एम्बापे एवढ्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.

– एक फ्रेंच शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर