कुलूप पक्के हवे, पण जाचक नको

महोदय,

मोबाइलचे कुलूप दिवसातून कित्येकदा उघडावे लागते. ते जाचक झाले की माणूस १२३४ किंवा जन्मसाल टाकून मोकळा होतो. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता असतात, सहा अंकीच्या १० लाख. अँड्रॉइडच्या नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२ शक्यता भरपूर वाटतात. पण फोन उजेडात तिरपा धरला की बोटाचा तेलकट माग काचेवर उमटलेला दिसतो. पॅटर्न सोडाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहा अंकी पिन आणि जोडीला बोटाचा ठसा, हे रोजच्या वापराला सोयीचे. ओल्या किंवा भेगाळलेल्या बोटाचा ठसा नीट लागत नाही. म्हणून तोच अंगठा दोनदा नोंदवावा, एकदा सरळ, एकदा कडेने. फोन बंद करून सुरू केल्यावर आधी पिनच लागतो, कारण आतली माहिती उलगडणारी किल्ली पिनशी बांधलेली असते. त्यामुळे ठसा आहे म्हणून पिन सोपा ठेवणे घातक.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे कुलूपबंद पडद्यावर झळकणारा ओटीपी. सेटिंगमध्ये जाऊन सूचनांचा मजकूर लपवा. तेवढ्यानेही भागत नाही: चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येतात. म्हणून सिमलाही पिन लावा. मात्र मूळ पिन आधी कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की आठ अंकी पीयूके, म्हणजे अडकलेले सिम पुन्हा उघडणारा क्रमांक, लागतो, आणि तोही दहादा चुकला तर सिम कायमचे बाद होते.

– एक वाचक