मसुदा परत पाठवत जा

मुलुंड, एप्रिलचा दुसरा आठवडा

चि. मंजिरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं भांडणावर जातं, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाच. ऑफिसात वाचू नकोस, गाडीत वाच, तेही बसायला जागा मिळाली तरच.

चर्चगेटला तुला चक्कर आली हे मला ओवीच्या तोंडून कळलं. तिने सहज सांगितलं, "आजी, मम्मा स्टेशनवर पडली होती." मग निखिलला विचारलं तेव्हा बाकीचं बाहेर आलं. खालचं प्रेशर शंभर. दुपारचा डबा तसाच परत आलेला. आणि घरी आल्यावर तू लॅपटॉप उघडून ई-ऑफिसवर फायली काढत बसलीस. निखिल तक्रार करत नव्हता गं, त्याच्यावर चिडू नकोस. घाबरला होता तो.

तू म्हणालीस, "मार्च होता आई, तेवढ्यापुरतं असतं." मार्च काय असतो ते मला माहीत आहे. अनुदान व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरता परत जाऊ नये म्हणून 31 तारखेला रात्री उशिरापर्यंत कोषागारात बिलं घेऊन ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यात मीही होते. पण मार्च सगळ्या ऑफिसचा असतो, एकट्या कक्ष अधिकाऱ्याचा, म्हणजे तुझा नसतो. आणि आता एप्रिल चालू आहे, तरी तू नऊच्या आत घरी पोचत नाहीस.

एकदाच म्हणते, पुन्हा हा विषय काढणार नाही. तू सगळं एकटीने करतेस.

तुझ्या कार्यासनात, म्हणजे तुझ्या हाताखाली कोण कोण आहे ते मला तुझ्या बोलण्यातून पाठ झालंय. दोन टेबलं रिकामी, ती भरली जातील तेव्हा जातील. अनुकंपावर लागलेला तो मुलगा, ज्याला तू म्हणतेस एक ओळ धड लिहिता येत नाही. निवृत्तीला आलेले ते सहायक, साडेसहाच्या ठोक्याला उठणारे. आणि ती लहान मुलाची आई, जिची रजा तुझ्या टेबलावर आहे. या तिघांची कामं कोण करतं? तू. मुलाची टिपणी तू खोडून नव्याने लिहितेस. सहायकांना कठीण प्रकरण देतच नाहीस, कारण "त्यांच्या मागे लागण्यापेक्षा मी करते ते बरं." हे वाक्य मी या घरात फार ऐकलंय, मंजू. बाबांच्या तोंडून ऐकलंय.

त्या मुलाबद्दल मला जास्त वाटतं. बापाच्या जागेवर लागलेलं पोर. ऑफिसात पहिल्या दिवशी शिरलं ते बापाचं प्रेत डोळ्यांसमोर घेऊनच शिरलं असणार. टायपिंगची मराठी 30 ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यायची, घर चालवायचं, आणि आजूबाजूचे सगळे "अमक्याचा मुलगा" म्हणून हाक मारतात. नस्ती म्हणजे फाईल कशी उघडतात, संदर्भ कुठे लावतात, कोणता मुद्दा आधी मांडायचा, हे त्याला कुणी शेजारी बसवून दाखवलं का? तू म्हणशील, सगळे असेच शिकले. नाही. सगळे असे शिकत नाहीत, काही जण आयुष्यभर न शिकता तसेच निवृत्त होतात आणि त्यांना कुणी नीट सांगितलेलंही नसतं.

आमचे चिटणीस साहेब तुला आठवत नसतील, तू बालवाडीत होतीस. मी तेव्हा साधी कारकून. एका जमिनीच्या प्रकरणावर टिपणी लिहून टेबलावर ठेवली, संध्याकाळी परत आली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, "कोणत्या नियमाखाली?" नियम शोधून लिहिला, पुन्हा परत. या वेळी, "अर्जदाराचं म्हणणं काय ते कुठे आहे?" मग आणखी एकदा, आणि शेवटी, "ठीक. आता पहिला परिच्छेद काढून टाका, त्यात काही नाही." त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्यांनी एक शब्द माझ्यासाठी लिहिला नाही. घरी येऊन मी माईंसमोर रडले, की हा माणूस माझा छळ करतो. पुढे एस.एस.डी.च्या, म्हणजे कारकुनांच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसले तेव्हा त्याच साहेबांनी ऑफिस सुटल्यावर थांबून आम्हा बायकांना शिकवलं, आणि माझी गाडी चुकू नये म्हणून घड्याळ टेबलावर काढून ठेवायचे. अव्वल कारकून झाले ती त्या पेन्सिलीमुळे, असं मी आजही मानते.

म्हणून म्हणते, त्या मुलाचा मसुदा परत पाठवत जा. ई-ऑफिसमध्येही शेरा मारून फाईल खाली पाठवता येते, तूच मला दाखवलं होतंस.

यावर तुझं उत्तर मला ठाऊक आहे. 2005 चा बदल्यांचा आणि कामातल्या दिरंगाईचा कायदा. सात कामकाजाच्या दिवसांत फाईल पुढे गेली पाहिजे, तातडीची असेल तर चार दिवसांत, त्याहून तातडीची तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या सकाळी. शिकवत बसले तर फाईल अडते आणि खुलासा मागणारं ज्ञापन मला येतं. बरोबर आहे. पण त्याच कायद्यात बदल्यांचंही लिहिलंय ना? एका जागेवर साधारण तीन वर्षं. तीन वर्षांनी तू दुसऱ्या जागी जाशील, आणि तो मुलगा तिथेच असेल, आज आहे तसाच. तुझ्या जागी येणारी बाई किंवा बुवा काय म्हणेल? आधीच्या मॅडम सगळं स्वतः करायच्या, आम्हाला काही माहीत नाही.

आपल्याकडे माणसं निवडायचा अधिकार आपल्याला नसतो. आयोग निवडतो, बदलीने येतात, अनुकंपाच्या यादीतून येतात. पगार वाढवायचा अधिकार नाही, काढून टाकायचा नाही. आलेल्या माणसाला शिकवणं एवढंच साहेबाच्या हातात उरतं. तेही सोडलं तर साहेब म्हणजे जास्त पगाराचा कारकूनच.

लखिनांचं नाव तू प्रशिक्षणात ऐकलं असशील. ऐंशीच्या दशकात नगरला कलेक्टर होते. तीच इमारत, तोच स्टाफ, पण टेबलांची मांडणी बदलली, जुनं रेकॉर्ड निवडून वेगळं केलं, प्रत्येकाचं काम कागदावर लिहून काढलं आणि कारकुनांना शिकवलं. राज्यभरातले लोक ते बघायला जायचे. आमच्याकडे ती पद्धत आली तेव्हा चिटणीस साहेबांनी अख्खी शाखा रेकॉर्ड रूममध्ये उतरवली. फायली बांधलेले, वर्षानुवर्षं न सोडलेले लाल रुमाल, सोडले की धूळ घशात जायची. आम्ही नाकाला पदर बांधून बसलो, अ, ब, क, ड असे कागद वेगळे केले. अ म्हणजे कायमचे. साहेब स्वतः शर्टाच्या बाह्या दुमडून खाली सतरंजीवर. मग टेबलावरच्या कागदांचे ठरलेले सहा गठ्ठे लागले, आणि त्यानंतर कुणी रजेवर गेलं तर त्याच्या टेबलावरचा कागद दुसऱ्याला सापडायला लागला. तुला ही साधी गोष्ट वाटेल. बाबांच्या ऑफिसात ही साधी गोष्ट झाली नव्हती.

बाबांना ॲडमिट केलं तेव्हा तू बारावीला होतीस, तुला आम्ही वॉर्डात फार येऊ दिलं नाही, म्हणून हे तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातून शिपाई आला, बिचारा दारातच उभा. बिंदुनामावलीची, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंदवही सापडत नव्हती आणि पदोन्नतीची बैठक होती. कपाटाच्या किल्ल्या बाबांच्या पँटच्या खिशात, माहिती बाबांच्या डोक्यात. सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी औषधांच्या चिठ्ठीच्या मागे कपाटाचा नकाशा काढून दिला. वरचा कप्पा, डावीकडून तिसरी, निळा पुठ्ठा. मी शेजारी उभी होते. मॉनिटरवरचे आकडे वर चढत होते आणि ते शिपायाला समजावत होते. नंतर कितीतरी वेळा त्यांनी ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली, "माझ्याशिवाय वही सापडत नव्हती," म्हणून. त्यांना त्याचा अभिमान आहे. मला ती चिठ्ठी आठवली की अजून हात गार पडतात.

तुझं प्रेशर कळल्यापासून मला झोप नाही. तू त्यांचीच मुलगी आहेस. अक्षर त्यांचं, चालणं त्यांचं, रागावल्यावर गप्प बसणं त्यांचं. एवढं एक घेऊ नकोस.

बघ, पुन्हा तेच काढलं. व्याख्यान झालं, माफ कर. तुला एमपीएससीचा अभ्यास मी शिकवला नाही, तू दादरच्या लायब्ररीत बसून स्वतः केलास, आणि निकाल आला तेव्हा चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी मला फोन करून "कक्ष अधिकाऱ्यांची आई का?" विचारलं. त्या दिवशी मी किती वेळ खिडकीत उभी होते ते कुणालाच सांगितलं नाही. तू काम चांगलं करतेस. तुझं काम चांगलं आहे म्हणूनच ते तुझ्याकडून सुटत नाही, हेही मला कळतं.

निवृत्तीला आलेल्या सहायकांचं मात्र मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचंय. तू म्हणालीस, "यंदा त्यांच्या गोपनीय अहवालात बघतेच." हे मला आवडलं नाही. वर्षभर त्यांना तोंडावर काही सांगितलं नाहीस, कठीण फाईल दिली नाहीस, आणि आता 31 मार्च उलटल्यावर कागदावर ब उणे असा खालचा शेरा लिहिणार? सुप्रीम कोर्टाचा 2008 चा देवदत्त यांचा निकाल वाच. सीमा रस्ते संघटनेतला इंजिनियर. एका वर्षी "चांगले" असा शेरा पडला, बढतीला "अतिशय चांगले" लागत होतं, आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच नाही. बढती गेली. निकाल लागेपर्यंत माणूस निवृत्त झालेला. कोर्टाने सांगितलं, शेरा वाईट असो की बरा, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. कळवायचा तर आता लागतोच. पण कळवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. त्या गृहस्थांना अहवाल लिहिण्याआधी केबिनमध्ये बोलाव, दार लाव, चहा मागव आणि सांग, हे हे होत नाहीये. काय सांगतील ते ऐक. साडेसहाला उठणं हा गुन्हा नाही, ऑफिस सव्वासहालाच सुटतं. त्यांच्या घरी कुणी आजारी असेल, कुणास ठाऊक. आणि नियम त्यांना तुझ्याहून जास्त पाठ असणार. त्या मुलाला त्यांच्या शेजारी बसव. जाता जाता माणसाला आपलं शिकलेलं कुणाला तरी द्यावंसं वाटतं, फक्त कुणी मागावं लागतं.

त्या मुलाला यशदाला, सरकारी प्रशिक्षण संस्थेत पाठवायचं पत्र आलं होतं ना पुण्याहून, ते तू परत केलंस. 2011 ला राज्याचं प्रशिक्षण धोरण आलं, कागदावर सगळ्यांना प्रशिक्षण आहे. पण आमच्या वेळेपासून पाहते, ज्याच्याशिवाय काम अडत नाही त्याला पाठवतात, आणि ज्याला गरज आहे तो टेबलाला बांधलेला राहतो. पुढच्या तुकडीत त्याचं नाव दे. तेवढे दिवस काम अडलं तर अडू दे. वरच्यांना तसं लिहून कळव. अडलेलं दिसल्याशिवाय रिकामी पदं भरायची आठवण कुणाला होत नाही.

आणि तुझी भीतीही मला कळते. खालच्याने चुकीचं लिहिलं आणि सही तुझी असली तर चौकशी तुझी लागते. तुझ्या बॅचच्या त्या मुलीचं झालं तेव्हापासून तू जास्तच धास्तावलीस. तपास, प्रत्येक कागद तपास, ते सोडू नकोस. पण तपासणं आणि लिहिणं ही दोन कामं आहेत, त्यातलं एकच तुझं.

शनिवारी निखिलने डॉक्टरांची सकाळी दहाची वेळ घेतली आहे, मीच त्याला घ्यायला लावली. रक्त उपाशीपोटी द्यायचंय. मी पहिल्या गाडीने निघते, थालीपीठं आणि लोणी घेऊन येते, तपासणी झाली की तिथेच खा. ओवीला बाबा सांभाळतील, तिला शुक्रवारीच इकडे पाठव. हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही.

लॅपटॉप बोरिवलीला घरीच ठेवून ये.

तुझी,
आई

ता. क. त्या मुलीच्या बालसंगोपन रजेचं काय केलंस ते सांगितलं नाहीस. 2018 पासून नोकरीभरात 180 दिवस मिळतात, म्हणून ती मागते आहे. आमच्या वेळी नव्हती, तुला गोवर झाला तेव्हा माईंकडे टाकून मी कामावर गेले होते. तिचं टेबल तुझ्या अंगावर येतं कारण ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. जाण्याआधी तिला आठवडाभर त्या मुलाला सगळं दाखवायला सांग, आणि अर्ज उद्याच पुढे पाठव.