कासवे पाहिली, पुढची वाट कोण दाखवणार?

महोदय,

पर्यावरण हा विषय सक्तीचा असूनही मुले या क्षेत्रात का जात नाहीत, असे अनेकदा विचारले जाते. दापोलीत विज्ञान शिकवताना मला याचे उत्तर दरवर्षी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आदेश दिला, त्यानंतर विषय पुस्तकांत आला. पण अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’चा प्रकल्प बहुतेक मुले मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवतात. पाच जूनला पर्यावरणदिनी पोस्टर रंगवून कोणी वनाधिकारी होत नाही.

याच मुलांना कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर न्यावे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका खेपेला शंभरच्या आसपास अंडी घालते. गावातले कासवमित्र ती संरक्षित कुंपणात हलवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले समुद्राकडे निघतात. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरते, हे तिथे ऐकलेले मूल विसरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच ‘प्रथमा’ नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला होता. हे सांगितले की कोणीतरी हमखास विचारते, “मॅडम, हे काम करायला काय शिकावं लागतं?”

या प्रश्नाचे नेमके उत्तर मुलांना शाळेत मिळायला हवे, आणि तेच मिळत नाही. वनरक्षकासाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय पुरतो, म्हणजे भूगोल घेतलेली कला शाखेची मुलगीही पात्र ठरते. वनक्षेत्रपालपदाची (रेंजर) वाट राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून जाते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. इतके लांब कशाला, आमच्या गावच्या कृषी विद्यापीठातच वनशास्त्र महाविद्यालय आहे, आणि दहावीच्या कितीतरी मुलांना त्याचा पत्ता नसतो! तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा जरी शाळांत येऊन आपले काम दाखवले, तरी फार फरक पडेल.

“नोकरी कुठे आहे?” हा पालकांचा प्रश्न मात्र रास्त आहे. चार वर्षे वनशास्त्र शिकलेल्या पदवीधराला वनक्षेत्रपालपदासाठी अभियांत्रिकी आणि इतर शाखांच्या उमेदवारांशी झगडावे लागते. वनशास्त्राच्या पदवीधरांना प्राधान्य देण्याची जुनी मागणी मला पूर्णपणे पटते. कासवमित्रांचे दुःख याहून मोठे. हंगामभर रात्री-पहाटे किनारा तुडवून कासवांचा माग ओळखणारी ही पोरे पावसाळ्यात पुन्हा रिकामी होतात, कामासाठी मुंबई गाठतात. वनरक्षक भरतीत लेखी परीक्षा आणि धावण्याच्या चाचणीबरोबर या अनुभवालाही गुण मिळावेत. वनमंत्र्यांनी निदान कोकणातल्या जागांसाठी तरी पुढच्या भरतीपूर्वी हा निर्णय घ्यावा.

– एक विज्ञान शिक्षिका, दापोली (जि. रत्नागिरी)