हिरवळीवरचं भांडण

प्रिय मित्रा,

रविवारी हिरवळीवरची ती फुकट मैफल संपल्यावर गाडीपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. नंतर दोनदा फोन हातात घेतला, पण फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य तोडतो. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येणार नाही.

त्या दोन-अडीच वर्षांच्या पोरीच्या आईवर तू ज्या आवाजात ‘शूऽऽ’ केलंस, ते मला मुळीच आवडलं नाही. पोरगी एकदाच किंचाळली होती. तुझं ‘शूऽऽ’ मात्र पाच रांगांनी ऐकलं, माना वळल्या, आणि ती बाई ओशाळून सामान गोळा करायला लागली. व्हायोलिनचा संथ भाग चालू होता. त्यात पिशवीची चेन, डबा, पाण्याची बाटली, चटईची गुंडाळी. त्या एका किंकाळीच्या दसपट वेळ ही खुडबुड चालली. मी गप्प बसलो, त्याचीही मला लाज वाटते आहे.

तू म्हणालास, ‘सभागृहात हे चाललं असतं का?’ नसतं चाललं. पण सभागृहात तिला आत तरी कुणी घेतलं असतं? तान्ह्या-लहानग्यांना बहुतेक ठिकाणी दारातच अडवतात. असल्या उघड्यावरच्या फुकट मैफली निघाल्याच मुळी दाराबाहेर राहणाऱ्यांसाठी. बॉस्टनला आर्थर फीडलर या कंडक्टरनं, म्हणजे हाताच्या खुणांनी वाद्यवृंद चालवणाऱ्यानं, 1929 मध्ये नदीकाठी वाद्यवृंद नेला. शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये 1935 साली, ऐन महामंदीत, वादकांच्या संघटनेच्या पुढाकारानं मैफली सुरू झाल्या. बेकार वादकांना काम मिळावं आणि ज्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत त्यांना संगीत, असा दुहेरी हिशेब. त्या अजूनही चालू आहेत. अशा जागी कडेवर मूल घेऊन आलेली बाई ही पहिल्या मानाची पाहुणी. आपण दोघं तिकीट काढू शकणारे. तसं पाहिलं तर आपणच आगंतुक.

आणि ज्या शांततेचा तू एवढा कैवार घेतोस, ती तरी कुठे फार जुनी? संगीतकार मोझार्टनं जुलै 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं पत्र आहे. नव्या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, लोकांना हटकून आवडेल अशी एक जागा त्यानं मुद्दाम घातली होती, आणि वादन चालू असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला. चिडला असेल म्हणतोस? स्वारी इतकी खूश, की सिंफनी संपताच जाऊन आइस्क्रीम खाल्लं!

आता तुझी बाजू. मैफलीत आवाजाचा त्रास होतो, हे खरंच. पण आपल्या मागे बसलेले ते दोघं, घराच्या कर्जाचे हप्ते अथपासून इतिपर्यंत उगाळणारे, त्यांना तू एक शब्द बोलला नाहीस. शिकार सोपी निवडलीस. खरे गुन्हेगार ते होते, आणि आपण एवढे मागे बसलोय, वादकांना काय त्रास होणार, असा त्यांचा समज असणार. वादकांना नसेलच होत. पण उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात. उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं (आवाज मोजायचं माप) उतरतो. स्पीकर लावले तरी बासरीची हळुवार फुंकर मागच्या कडेला पोहोचेपर्यंत तिच्यात फार जीव उरत नाही. आणि शेजारच्या माणसाचं बोलणं? एका मीटरवर सुमारे 60 डेसिबल, ताजं, अख्खं. म्हणजे गप्पांचा त्रास पुढच्यापेक्षा मागे जास्त, आणि गप्पा मारायला लोक जातात नेमके मागे. पोरगी किंचाळते आणि थांबते. हप्ते थांबत नाहीत.

टाळ्यांचंही तेच. जल्लोषाचा तुकडा लागला की लोक तालावर टाळ्या धरतात. धरू देत, मलाही हात आवरत नाहीत. पण आवाज सेकंदाला जेमतेम 343 मीटर चालतो. शंभर मीटर मागे बसलेल्याला ठोका जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा मिळतो, आणि त्याची टाळी परत मंचापर्यंत जायला तितकाच वेळ. वादकांच्या कानावर पडते ती आपली पार घसरलेली लय. म्हणून कंडक्टर मागे वळून हातानं खुणावतो तेव्हा त्याच्या हाताकडे बघायचं, कानावर विसंबायचं नाही. प्रकाशाला उशीर होत नाही.

मोबाइलबद्दल तुझ्याशी वादच नाही. अंधार पडल्यावर डोक्यावर धरलेला एक उजळ पडदा मागच्या वीसजणांचा मंच खातो. उंच पाठीच्या खुर्च्या पुढे मांडणारे आणि चौघांसाठी दहाजणांची जागा अडवणारे, यांच्यावर मी वेगळं पत्र लिहीन. शेवटचा तुकडा रंगात असताना गाडी काढायला पळणारे मात्र मला कळतच नाहीत. दोन तास बसलात, अजून सात मिनिटं काय जड होती?

बोलायचंच झालं तर कसं, हे मी परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून शिकलो. तुकडा संपेपर्यंत ते थांबले, टाळ्यांच्या गडबडीत हप्तेवाल्यांकडे वळले आणि हसून म्हणाले, ‘मला कानानं जरा कमी ऐकू येतं, तेवढं सांभाळून घ्याल?’ दोघंही वरमले. पुढचा अर्धा तास चिडीचूप. तू तेव्हा पाणी आणायला गेला होतास, म्हणून तुला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी शेवटची मैफल आहे. बुटक्या खुर्च्या मी आणतो, तू लवकर ये. या वेळी डाव्या कडेला बसू, मुलांवाली मंडळी तिकडेच असतात. त्या घाईत पोरीचा एक लाल बूट गवतात राहिला होता, तो माझ्या पिशवीत आहे. ती आली, तर तो तू द्यायचास.

तुझा,
तोच

ता. क. बूट डाव्या पायाचा आहे. दुसरा त्यांनी टाकून दिला नसेल, अशी आशा.