बाबा, फळ सोडू नका

ती. आई-बाबांना, सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, "यांनी आता फळाला हात लावायचा नाही असं ठरवलंय," आणि तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, तुम्ही फळ सोडलंत त्याला कारण मीच आहे. सुक्या क्रॅनबेरीचं पाकीट मी पाठवलं, तुम्ही ते संध्याकाळी रिकाम्या पोटी खाल्लंत आणि दोन तासांनी रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर २३१ आले. क्रॅनबेरी मुळात इतकी आंबट असते, की सुकवताना तिच्यात साखर मुरवतात. अशा पाकिटात निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलं होतं, मी वाचलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पण त्या पाकिटाची शिक्षा ताज्या फळाला देऊ नका.

ताज्या बेरींचा हिशेब अगदी वेगळा आहे. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत जेमतेम ५ ग्रॅम साखर असते. रास्पबेरीत साखर साधारण तितकीच, आणि तंतू मात्र साडेसहा ग्रॅमच्या आसपास. ब्लूबेरी जरा गोड, तिच्यात १० ग्रॅमपर्यंत साखर. फ्रीझरमधल्या गोठवलेल्या बेरीही चालतात, फक्त त्यांत साखर घातलेली नसावी.

आता मला खरं सांगायचंय ते असं, की बेरी जेवणाबरोबर खा. मधल्या वेळी एकट्या नकोत, जेवण उरकल्यावर गोड म्हणूनही नकोत. पाव, भात, बटाटा यांतल्या स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर बनवायचं काम लाळेतली आणि आतड्यातली पाचकद्रव्यं करतात. बेरींना जो लाल-जांभळा रंग असतो, तो देणारी द्रव्यं आणि त्यांच्या जोडीची तुरट द्रव्यं या पाचकद्रव्यांचा वेग कमी करतात. बाबा, अकार्बोज नावाची मधुमेहाची एक गोळी आहे, तीही याच जागी काम करते आणि म्हणूनच ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. बेरीचा जोर त्या गोळीइतका नाही, पण तर्क तोच. स्टार्च आतड्यात असतानाच बेरीही तिथे असायला हव्या. शिवाय त्यांचे तंतू पोटातलं अन्न जरा दाट करतात आणि ते पुढे सावकाश सरकतं.

२०१३ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी हे माणसांवर करून पाहिलं. निरोगी स्त्रियांना एकदा नुसता पांढरा पाव दिला आणि एकदा त्याच पावाबरोबर १५० ग्रॅम बेरींचा गर. स्ट्रॉबेरी सोबत असताना तोच पाव पचवायला शरीराला कमी इन्सुलिन पुरलं. सगळ्या बेरींचा परिणाम सारखा नव्हता. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी साखरेबरोबर बेरींचा गर देऊन पाहिला होता, आणि मला तो प्रयोग जास्त बोलका वाटतो. पहिल्या अर्ध्या तासात रक्तातली साखर कमी चढली, पण अडीच तासांनी ती नुसत्या साखरेच्या वेळेपेक्षा थोडी जास्त होती. म्हणजे साखर कुठे नाहीशी होत नाही. ती एकदम उसळण्याऐवजी सावकाश चढते आणि सावकाश उतरते.

ही माणसं निरोगी होती, हे विसरून चालणार नाही. २०१९ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना न्याहारीबरोबर रास्पबेरी देऊन पाहिलं, तिथेही फायदा दिसला. पण तुमचं शरीर, तुमच्या गोळ्या वेगळ्या. म्हणून बेरींच्या भरवशावर एकही गोळी कमी करायची नाही. आणि बेरी जेवणावर वाढीव नकोत. वाटीभर घेतल्या तर पाव किंवा भात तेवढा कमी घ्या. रस तर नकोच, त्यात तंतू उरत नाहीत.

एक गोष्ट मात्र दोघांनीही पक्की लक्षात ठेवा. कधी घाम फुटला, हात थरथरले आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, तर बेरी हातात घेऊ नका. त्या वेळी साखर लगेच चढायला हवी. सरळ ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आई, तुझी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, तेव्हा क्रॅनबेरी तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नकोस.

माझ्या शब्दावर विसंबू नका, मीटरला विचारा. एक दिवस नेहमीची न्याहारी घ्या. दुसऱ्या दिवशी तीच, पाव मोजून थोडा कमी, आणि सोबत पाच-सहा स्ट्रॉबेरी काट्याने चेचून. पहिल्या घासाआधी एकदा, मग तासाने आणि दोन तासांनी तपासा. अशा तीन जोड्या झाल्या तरच काही म्हणता येईल, कारण मीटरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. आई, तू वहीत आकड्यासमोर काय आणि किती खाल्लं तेही लिही. तुझं अक्षर असलं की मला सगळं नीट लागतं.

आणि बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. स्ट्रॉबेरी चेचताना बोटाला लागलेला रस वाळला तरी साखर तिथेच राहते. रक्ताचा थेंब त्यात मिसळला, की आकडा खोटाच वर जातो. हे लिहिता लिहिताच मला ते चिकट पाकीट आठवलं. आई, त्या संध्याकाळी २३१ आले, तेव्हा बाबांनी आधी हात धुतले होते का? आठवून कळव.

तुमची,
लेक