एका दाराशी तीन चोर

पवनी तालुका,
10 ऑगस्ट 2025

प्रिय सुधाकर,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "येवढी औषधं निघाली, डेंग्यूवर एक गोळी नाही काढू शकत का बे हे लोक?" लेकीच्या प्लेटलेटचा रिपोर्ट यायची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला मी तेव्हा काय सांगणार होतो! आता पोरगी घरी आली, भात मागून खाते म्हणालास, म्हणून निवांत लिहितो. फोनवर तसाही तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

इकडे रोवणी आटोपत आली. कोठ्याच्या मातीच्या भिंतीला खालून ओल चढली आहे आणि भेगांमधून वालुमाश्या निघायला लागल्या आहेत. डासाहून कितीतरी लहान, अंगावर लव, बसली की पंख वर उभे धरते आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारते. काल सांजेला भेगा बुजवत बसलो होतो, तर आई म्हणे, "काहून येवढं लिंपून राहिला रे?" मी काही बोललो नाही. मग तीच गप्प झाली. शेजारचा पोरगा तुलाही आठवत असेल. सकाळी तापला, दुपारी झटके, रात्री भंडाऱ्याला नेता नेता वाटेतच गेला. सहा वर्षांचा होता. 'मेंदूचा ताप' येवढंच कानावर आलं. या वालुमाश्यांतून पसरणारा चांदीपुरा विषाणू होता की आणखी काही, कोणी तपासलंच नाही.

चांदीपुरा आपल्या नागपूरकडचाच. 1965 साली तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला, म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. 2003 मध्ये आंध्रात 329 मुलं आजारी पडली, त्यातली 183 गेली. आणि या विषाणूजवळ भांडवल किती? पाच प्रथिनं. बस. बाकी सगळं आपलंच वापरतो. बैल आपले, नांगर आपला, बांधी आपली, बी तेवढं त्याचं. गोळीचं घोडं इथंच अडतं. जिवाणूची चूल वेगळी असते, ती विझवता येते. विषाणू आपल्याच चुलीवर रांधतो.

तेव्हा काही लोकांनी प्रश्नच फिरवला. विषाणूला काय मारावं हे सोडून, वेगवेगळे विषाणू आपल्या पेशीत नेमका कुठं हात घालतात ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. करतात कसं, तर विषाणूच्या एकेका प्रथिनाला ओळखीची शेपटी लावून ते माणसाच्या पेशीत सोडतात. मग पेशी फोडून शेपटीला धरून ते प्रथिन बाहेर ओढायचं आणि त्याला बिलगून आपली कोणकोणती प्रथिनं आली ते मोजायचं. गळ टाकण्यातलाच प्रकार. सॅन फ्रान्सिस्कोच्या नेव्हन क्रोगन यांच्या गटानं 2020 मध्ये कोरोनाच्या 26 प्रथिनांचे असे गळ टाकले आणि 332 जोड्या वर काढल्या. पुढं त्यांनी कोरोनाचे भाऊबंद, जुना सार्स आणि मर्सही, त्याच ओळीत मांडले.

मला यातली सगळ्यात भावलेली गोष्ट दाराची. पेशीच्या केंद्रकाला बारीक दारं असतात. विषाणू घुसला की पेशी आतून निरोप धाडते, 'इशाऱ्याचं प्रथिन इंटरफेरॉन बनवा, शेजाऱ्यांना सावध करा.' तो निरोप या दारातून बाहेर यावा लागतो. दाराशी रे-1 आणि नप-98 नावाची दोन प्रथिनं असतात. गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा वेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू, म्हणजे चांदीपुऱ्याचा चुलतभाऊ, इथंच येऊन बसतो नि निरोप अडवतो. कोरोनाचं ओआरएफ-6 हे प्रथिनही त्याच खाचेत बोट घालतं. आणि पोलिओ? तो बोटबिट घालत नाही, कातरी चालवून नप-98 चेच तुकडे करतो. तिघांची घराणी वेगळी, एकमेकांशी सोयरीक नाही, आणि घाव एकाच ठिकाणी! अकरावीच्या पोरांना हे सांगतो तेव्हा शेवटच्या बाकावरचाही मोबाइल खाली ठेवतो.

आता तुझ्या डेंग्यूचं. 2018 मध्ये डेंग्यू आणि त्याचाच डासांतून पसरणारा भाऊबंद झिका असेच शेजारी मांडले, माणसाच्या पेशीत आणि डासाच्याही. दोघांना सेक-61 लागतं. नवी प्रथिनं पेशीतल्या पडद्याच्या आत सरकवणारी ही नळी. ती दाबून धरणारं रसायन दिलं तर दोन्ही विषाणूंची वाढ मंदावली. फरकही तितकाच बोलका होता. झिकाचं एक प्रथिन आपल्या अँकल-2 नावाच्या प्रथिनाला धरताना दिसलं, आणि त्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला तर बाळाचं डोकं लहान राहतं.

मग गोळी का नाही? कारण ती नळी आपलीही आहे, आपल्याही पेशी तिच्यावरच चालतात. आठवडाभराच्या आजारात चार दिवस ती थोडी दाबली तर शरीर सोसेल, असं आपलं माझं मत. एचआयव्हीच्या बाबतीत नशीब चांगलं होतं. तो पेशीवरच्या सीसीआर-5 या प्रथिनाची कडी धरून शिरतो, आणि काही माणसं जन्मतःच त्या कडीवाचून धडधाकट जगतात. म्हणून ती झाकणारं मॅराव्हिरॉक हे औषध 2007 मध्ये बाजारात येऊ शकलं. उलट हिवतापाचं क्लोरोक्विन बघ. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशीत त्यानं कोरोना अडवला, माणसाच्या फुप्फुसाच्या पेशीत नाही, कारण तिथं विषाणू दुसऱ्या वाटेनं शिरतो. आणि आपण लोकांनी मेडिकलची दुकानं रिकामी केली होती. तूही दोन पत्ते आणले होतेस, विसरू नको.

कागद संपला. पोरीला पोळ्याला घेऊनच ये. तान्ह्या पोळ्यासाठी तिच्या लाकडी बैलाला चाकं बसवून ठेवली आहेत, एक थोडं कुरकुरतं. कोठ्याची मागची भिंत तेवढी लिंपायची राहिली आहे, ती तुम्ही यायच्या आत उरकतो.

तुझा,
विनायक