इयरफोनच्या परीक्षणात कान कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांत महागड्या इन-इअर मॉनिटरांची, म्हणजे कानाच्या आत बसणाऱ्या इयरफोनांची, चार परीक्षणं आली. चारही मी कापून ठेवली आहेत, कारण ही वस्तू माझ्या पोटापाण्याची आहे. मी ध्वनिपुस्तकांचं संपादन करते. निवेदकाने वाचलेलं ओळीओळीने ऐकायचं, श्वास कुठे मोठा आला, ओठ कुठे वाजले, पान कुठे उलटलं, कुठला शब्द पुन्हा घ्यावा लागेल, हे टिपायचं. दिवसाचे सहा तास तरी कानात काहीतरी असतं आणि याला आता अकरा वर्षं झाली.

चारही परीक्षणांत आवाजाचं वर्णन मन लावून केलंय. खर्ज किती खोल, वरचे स्वर किती मोकळे, वाद्यं एकमेकांपासून किती सुटी ऐकू येतात, सगळं आहे. 'वापरायला आरामदायी' एवढं मात्र शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलंय. कुणाच्या कानात, किती वेळ, कुठली टिप (मॉनिटरच्या टोकाला लावायची मऊ टोपी) लावून, याचा पत्ता नाही. इन-इअर मॉनिटरच्या बाबतीत बसणं आणि वाजणं वेगळं काढताच येत नाही. तो जसा बसेल तसा वाजतो. हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी असंच एक परीक्षण वाचून, पैसे साठवून, मी एक चांगला मॉनिटर घेतला. डबीतून काढला आणि त्याला आधीच लावलेल्या मधल्या मापाच्या टिपांसकट कानात घातला. आवाज पातळ. परीक्षणात 'भरदार खर्ज' लिहिलेलं आणि मला खर्जाचा मागमूस लागेना. दोन आठवडे मी तो सदोष समजून चालले. मग एका रात्री एका जाड्या गळ्याच्या निवेदकाचं प्रकरण संपादित करत होते. डावीकडून तो सर्दी झाल्यासारखा वाटत होता. डावा कान खाजला म्हणून करंगळीने मॉनिटर जरा आत दाबला, आणि त्या माणसाच्या आवाजाला एकदम छाती आली. बोट काढलं, छाती गेली. पुन्हा दाबलं, आली. असं मी पाच-सहा वेळा केलं आणि मग काम थांबवून नुसती बसून राहिले. माझ्या डाव्या कानाची नळी उजव्यापेक्षा मोठी आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. दोष मॉनिटरचा नव्हताच.

कारण सरळ आहे. आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, इवलासा असतो. कानाच्या बंद पोकळीतली हवा दाबूनच तो खर्ज उभा करतो. टिप आणि कातडी यांच्यात बारीक फट राहिली, की मंद कंपनांचा दाब तिथून निसटून जातो. वरच्या स्वरांना त्या फटीचा फारसा फरक पडत नाही. मग खालचं गेलं आणि वरचं उरलं, की वस्तू 'कर्कश' ठरते. किती परीक्षकांनी किती चांगल्या मॉनिटरांना कर्कश म्हटलं असेल, याचा विचार आता मनात आल्याशिवाय राहत नाही.

तेव्हापासून डावीकडे मोठी टिप, उजवीकडे मधली. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे वाकडी नळी थोडी सरळ होते आणि टिप नीट सरकते. फोमची टिप असेल तर ती चिमटीत वळून बारीक करायची, आत घालायची आणि ती फुगून बसेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. नवीन मॉनिटर आला की मी आधी गाणं लावतच नाही. खर्जातला एकच सूर लावते आणि दोन्हीकडे तो सारखा भरतोय का, एवढंच बघते. तो भरला नाही तर पुढचं सगळं ऐकणं फुकट.

सिलिकॉन की फोम, याच्यावरही आवाज बदलतो. फोम वरचे स्वर थोडे मऊ करतो आणि काही महिन्यांत कडक होऊन निकामी होतो. सिलिकॉन टिकतो, धुता येतो, पण घाम आला की सरकतो. परीक्षकाने फोम लावून 'वरचे स्वर संयमित' असं लिहिलं आणि वाचकाने सिलिकॉन लावलं, तर दोघांनी दोन वेगळ्या वस्तू ऐकल्या म्हणायच्या.

आता 'स'बद्दल. माझ्या कामात सगळ्यात जास्त दुखतो तो हाच. निवेदक 'सहसा', 'संशय', 'सोसणं' म्हणाला की काही मॉनिटरांमध्ये प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. दुसऱ्या टोकाला, वरचे स्वर दाबलेले असले की 'चंद्र'चा च आणि 'चाक'चा च यांच्यातला फरक पुसट होतो, आणि निवेदकाने 'चाक' नीट म्हटलं की नाही हेच मला ठरवता येत नाही. मराठी ऐकणाऱ्यासाठी मला तरी यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही. मोठा वाद्यवृंद ऐकून जे कळत नाही ते या दोन शब्दांत कळतं.

टोचणाऱ्या 'स'चाही संबंध बसण्याशी निघाला. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते. उघड्या कानात ती ३००० हर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते. मॉनिटरने नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक वाढ जाते, म्हणून बनवणाऱ्याला ती मुद्दाम परत द्यावी लागते. त्याशिवाय मॉनिटरचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या उरलेल्या जागेत एक नवा घुमारा तयार होतो, बऱ्याचदा ८००० हर्ट्झच्या जवळपास, म्हणजे नेमका 'स'च्या वाटेवर. मॉनिटर खोल गेला की ती जागा लहान होते आणि घुमारा वर सरकतो. माझ्या मॉनिटरला जरा अरुंद, लांब टिप लावून मी तो दोन-तीन मिलिमीटर आत नेला आणि टोचणारा 'स' निवळला. आवाजाचा तोल बदलणाऱ्या इक्वलायझरला हात लावला नाही.

परीक्षणांसोबत हल्ली आलेख छापतात. छापावेतच. पण तो आलेख काढायला वापरतात तो धातूचा कृत्रिम कान आयईसी ६०३१८-४ या मानकाप्रमाणे बनवलेला, सरासरी कानासारखा असतो आणि ८ ते १० हजार हर्ट्झच्या वर त्याच्यावर फार विसंबता येत नाही. त्याला जबडा नसतो. मी संपादन करताना निवेदकाबरोबर ओठ हलवत वाचते, ही जुनी सवय. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, टिपेचं सील (हवाबंद बसणं) सुटतं, खर्ज जातो-येतो. हे कुठल्या आलेखात दिसणार?

आरामाबद्दल लिहायचं तर दुखण्याचे प्रकार सांगावे लागतील, कारण दुखणं एकच नसतं. टिप मोठी झाली तर नळीच्या तोंडाशी ठणका लागतो. तो दहा-पंधरा मिनिटांतच कळतो आणि टिप बदलून जातो. कवच मोठं असलं तर ते कानाच्या पेल्यात, आतल्या कुर्चेच्या कडेवर टेकतं. ते पहिला तासभर कळतच नाही. दीडेक तासाने तिथे आधी ऊब, मग चुरचुर, मग एखाद्या बिंदूवर बोट रोवून ठेवल्यासारखं वाटतं, आणि काढल्यावरही ती जागा संध्याकाळपर्यंत हुळहुळते. मॉनिटरच्या नळीचं तोंड रुंद असलं तर कितीही लहान टिप लावा, लहान कानाच्या माणसाला ते झेपत नाही, कारण टिप आत दबायला जागाच उरत नाही. तिसरं दुखणं हवेच्या दाबाचं. पूर्ण बंदिस्त कवच घालताना कानात गच्च दाटल्यासारखं होतं, काहींत ड्रायव्हरचा पडदा वाकून 'टक्' असं वाजतं. बारीक छिद्र ठेवलेल्या मॉनिटरांत हे कमी होतं, पण छिद्रातून बाहेरचा गलका थोडा आत येतो. वीस मिनिटं ऐकून लिहिणाऱ्याला यातलं निम्मं भेटणारच नाही. दुसरं, म्हणजे कवचाचं आणि सगळ्यात वाईट दुखणं त्याच्या वाट्याला येण्याआधीच त्याचा लेख लिहून झालेला असतो.

आणखी एक. कान बंद झाला की स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. चालताना प्रत्येक पाऊल डोक्यात आपटतं. नळीच्या बाहेरच्या, मऊ भागात टिप बसली की हे जास्त होतं, आतल्या हाडाच्या भागापर्यंत गेली की कमी. मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीचा ईआर-४ हा १९९१चा इयरफोन तीन पाकळ्यांच्या टिपेसह असाच खोल जातो. मला तो आवडतो. इतकं खोल काही सहन न होणारी माणसंही मला माहीत आहेत, आणि त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. आतली कातडी फार पातळ असते.

नीट बसण्याचा फायदा फक्त सुखाचा नाही, कानाच्या आयुष्याचा आहे. रंगमंचावर या वस्तूची गरज पडली तीच गोंगाट बाहेर ठेवण्यासाठी. १९९५ साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी मॉनिटर बनवले तेव्हाही मुद्दा हाच होता, की बाहेरचा आवाज अडला तर आतला कमी ठेवून भागेल. सील सुटलेलं असलं की उलट होतं. खर्ज ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढतात ते मधले-वरचे स्वर, जे आधीच पुरेसे होते. जागतिक आरोग्य संघटनेचं सुरक्षित ऐकण्याचं मोजमाप ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असं आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला पाचच तास. माझे आठवड्याचे ३६ तास होतात. मला नऊ डेसिबलची चैन परवडणारी नाही.

आवाजाच्या पातळीचा आणखी एक घोळ परीक्षणांत असतो. दोन मॉनिटर तुलनेला घेतले आणि एक दुसऱ्यापेक्षा जेमतेम डेसिबल-दीड डेसिबल मोठा वाजला, तर तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मी स्वतः हे कित्येकदा अनुभवलंय. एक मॉनिटर मला 'जिवंत' वाटला, नंतर दोघांत १००० हर्ट्झचा सूर लावून आवाज सारखा करून घेतला तर तो जिवंतपणा कुठेच सापडेना. आपल्या परीक्षकांनी पातळी जुळवली होती का, हे एका ओळीत लिहिलं तरी पुरे. कुठल्या उपकरणाला जोडून ऐकलं हेही हवं, कारण अनेक ड्रायव्हरांच्या मॉनिटरांचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कंपनांनुसार बदलतो आणि जोडलेल्या उपकरणाचा स्वतःचा इम्पीडन्स जास्त असला तर आवाजाचा तोलच हलतो. किती ड्रायव्हर आहेत या आकड्याला मात्र इतकी जागा देऊ नका. एका ड्रायव्हरचे उत्तम आणि दहाचे गोंधळलेले, दोन्ही मी ऐकले आहेत.

कानाचा साचा घेऊन बनवलेले मॉनिटर हा उपाय आहेच, पण तोही आपोआप जमत नाही. माझा पहिला साचा तोंड मिटवून घेतला गेला. मॉनिटर आला, गप्प बसले की छान, ओठ हलवले की डावीकडची फट पुन्हा हजर. दुसऱ्यांदा दातांमध्ये ठोकळा धरून, जबडा उघडा ठेवून साचा घेतला, तेव्हा ते मिटलं. मधले दोन महिने गेले. असे मॉनिटर घेणाऱ्या वाचकांना हे आधी माहीत असायला हवं, आणि ते सांगणारी जागा आपली पुरवणीच आहे.

यापुढे परीक्षकाच्या कानाचं माप, वापरलेली टिप, सलग घातल्याचा वेळ आणि कुठे दुखलं, एवढं प्रत्येक परीक्षणात सुरुवातीलाच छापावं, ही विनंती. शक्य असेल तर लहान कानाच्या आणि मोठ्या कानाच्या अशा दोन माणसांना तीच वस्तू द्यावी.

माझ्या सध्याच्या मॉनिटरचं मी असं लिहीन: डावीकडे मोठी सिलिकॉन टिप, उजवीकडे मधली, दोन्ही अरुंद आणि लांब. सलग तीन तास घातला. दोन तास दहा मिनिटांनी उजव्या कानाच्या वरच्या कडेला चुरचुर, काढल्यावर वीस मिनिटांत गेली. 'चाक' आणि 'चंद्र' स्वच्छ. 'सोसणं' टोचलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक
(ध्वनिपुस्तक संपादक, नाव छापू नये ही विनंती)